गोमंतकांतील दौत्रिनीची शाळा, तिचे वार्षिक उत्सव आणि ख्रिस्तपुराण

(१)

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत सुप्रतिष्ठित आहे. त्याची भाषा, त्याची ओवी, त्यांतील कोंकणी रूपें, रोमन व देवनागरी पाठांतील भेद इत्यादि विषयांवर अभ्यासकांनीं बरेंच लिहिलें आहे. परंतु हा ग्रंथ कोणत्या श्रोत्यांपुढें, कोणत्या प्रसंगीं व कोणत्या संस्थेच्या आश्रयानें वाचला जात असे, या प्रश्नाकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें. प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, ख्रिस्तपुराणाच्या मागें गोमंतकांतील लहान मुलांची धर्मपाठशाळा, म्हणजे तत्कालीन बोलींत 'दौत्रिनी'ची शाळा, उभी आहे; आणि त्या शाळेचें सणावारांनीं बांधलेलें वर्ष ध्यानांत घेतल्यावांचून या ग्रंथाची रचना व त्याच्या हस्तलिखितांचा इतिहास हीं नीट उलगडत नाहींत.

आजहि कॅथॉलिक प्राथमिक शाळांतून वर्षाच्या अखेरीस मुलांकडून गीतें, संवाद, नाट्यप्रवेश व प्रार्थना करवून, वर्षभरांत जें शिकविलें तें आईबापांसमक्ष मांडण्याची चाल आहे. ही चाल इंग्रजी अमदानींतील शाळांबरोबर आली असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु मराठी मुलखापुरतें बोलावयाचें तर तिचें मूळ सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागें नेतां येतें.

(२)

इ. स. १५४१ त मिगेल व्हाझ व दियोगु द बोर्बा या दोघां धर्माधिकाऱ्यांच्या पुढाकारानें गोवें शहरांत 'सांता फे' नांवाचा संघ स्थापन झाला. देशी मुलांना शिकवून तयार करावें, हा त्याचा मुख्य हेतु. त्याच संघाच्या विद्यालयाशेजारीं सेंट पॉलच्या धर्मांतराच्या नांवानें चर्च बांधलें गेलें; त्यावरून विद्यालयासहि सेंट पॉलचें नांव पडलें, आणि तें चालविणाऱ्या जेसुइट पाद्र्यांना लोक 'पावलिस्त' म्हणूं लागले. ६ मे १५४२ रोजीं फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यानें फिरत, मुलें व गुलाम यांना गोळा करीत व चर्चमध्यें नेऊन त्यांना धर्मवचनें गाऊन शिकवीत. गद्यापेक्षां गाणें मुलांच्या मनांत लवकर ठसतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. जानेवारी १५४४ च्या पत्रांत, दक्षिणेकडील कोळीवस्तींत मुलें शिकलेला पाठ घरीं जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना कसा शिकवितात, याचें त्यांनीं वर्णन केलें आहे. मूल हा घरांत शिरण्याचा दरवाजा होय, ही कल्पना या शिक्षणपद्धतीच्या मुळाशीं आहे.

या शाळेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १५५९ च्या राजाज्ञेनें ज्या हिंदु मुलांना आई, बाप अथवा आजाआजी नाहीं, अशीं मुलें सेंट पॉल विद्यालयाच्या स्वाधीन करावीं असें ठरलें. १५६७ त साष्टी प्रांतांतील देवळें पाडण्यांत आलीं. मडगांवचा दामोदर जांबावलीस व इतर दैवतें अंत्रुजादि पलीकडच्या महालांत गेलीं. देवस्थानांच्या जमिनींचें उत्पन्न चर्च व विद्यालयें यांकडे वळविण्यांत आलें. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळीस पांच जेसुइट मारले गेले, त्या प्रसंगामागें हा सर्व रोष होता. तात्पर्य, दौत्रिनीची शाळा ज्या जागीं भरूं लागली ती जागा रिकामी नव्हती. जेथें पूर्वीं पुराणिक बसत असे, तेथें हा नवा वर्ग बसला. ही गोष्ट पुढील विवेचनास महत्त्वाची आहे.

(३)

गांवोगांवच्या चर्चांशेजारीं ज्या शाळा निघाल्या त्यांत वाचन, लेखन, धर्मवचनें आणि गायन हे मुख्य विषय असत. शिक्षक म्हणजे बहुधा चर्चचा गायनप्रमुख, ज्यास 'मेस्त' म्हणत. सूर लावणें, स्वरलिपि वाचणें व वाद्य वाजविणें हें तोच शिकवी. पुढें हिंदुस्थानभर नांवाजलेले गोमंतकीय वादक याच शाळांच्या परंपरेंतून निघाले.

या शाळेचें पाठ्यपुस्तक सुदैवानें उपलब्ध आहे. स्टीफन्स यांनीं मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज ग्रंथाच्या आधारें रचलेली 'दौत्रिन क्रिस्तां' त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ त, राशोल, म्हणजे जुनें रायतूर, येथील विद्यालयांत छापली गेली. मुखपृष्ठावरच ती संवादरूपानें, मुलांना शिकविण्यासाठीं रचली असल्याचें म्हटलें आहे. भाषेस तेथें ब्राह्मण कानारी असें नांव दिलें आहे, म्हणजे आपण जिला कोंकणी म्हणतों ती. मारियानु सालदाञ यांनीं १९४५ त लिस्बन येथें तिची प्रतिकृति प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांची मोठी सोय झाली आहे.

प्रश्नोत्तराची ही घडण केवळ समजुतीसाठीं नाहीं. ती सर्वांसमक्ष म्हणून दाखविण्यासाठीं आहे. एकानें विचारावें, दुसऱ्यानें उत्तर द्यावें, बाकीच्यांनीं ऐकावें, अशी योजना असली म्हणजे वर्ग हाच लहानसा रंगमंच होतो. रविवारीं चर्चमध्यें जमलेल्या वडीलधाऱ्यांसमोर मुलांनीं हे संवाद म्हटले कीं परीक्षा, उपदेश व उत्सव हीं तिन्ही कामें एकाच वेळीं साधत.

येथें भाषेचा एक मुद्दा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. मुलांनीं पाठ करावयाचें पुस्तक घरच्या बोलींत, तर सर्वांनीं मिळून ऐकावयाचा ग्रंथ, म्हणजे ख्रिस्तपुराण, मराठींत. घरीं कोंकणी व पोथींत मराठी ही वांटणी गोमंतकांत पूर्वापार होती. स्टीफन्स यांनीं ती मोडली नाहीं, उलट तिचा उपयोग करून घेतला. म्हणून 'दौत्रिन' व 'पुराण' हीं दोन निरनिराळीं पुस्तकें नसून एकाच शाळेचीं दोन अंगें मानणें युक्त होईल.

(४)

आतां या शाळेच्या वर्षाकडे वळूं. चर्चचें वर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. नोव्हेंबर संपतां संपतां जुनें वर्ष सरतें, आणि नाताळाच्या आधींच्या चार रविवारांनीं, म्हणजे ख्रिस्तागमनाच्या प्रतीक्षेनें, नवें वर्ष उघडतें. सामान्य पंचांगाचें वर्ष मात्र नाताळाच्या आठवड्यांत संपतें. या दोन वर्षांच्या सांध्यावर गोमंतकांतील मोठे सण एकामागून एक येतात : ३ डिसेंबरास झेवियर यांचा सण, २५ डिसेंबरास नाताळ, ६ जानेवारीस तीन राजांचा सण, आणि २५ जानेवारीस सेंट पॉलच्या धर्मांतराचा सण. शेतें कापून झालेलीं, समुद्र शांत, हवा थंड. शाळा, चर्च व गांव हीं तिन्ही एकत्र येण्यास वर्षांत यापेक्षां सोयीचा काळ नाहीं.

यांपैकीं २५ जानेवारी हा सेंट पॉल विद्यालयाचा आपला दिवस. विद्यालयाच्या चर्चची प्रतिष्ठा १५४३ त याच तारखेस झाली होती. जेसुइट विद्यालयांत अशा प्रसंगीं विद्यार्थ्यांचीं भाषणें, काव्यवाचन, संवाद व नाटकें होत. १५९९ त कायम झालेल्या त्यांच्या शिक्षणनियमावलींत बक्षिसांविषयीं स्वतंत्र नियम घालून दिलेले आहेत. हे नियम मोठ्या विद्यालयांतील लातीन वर्गांसाठीं होते, खेड्यांतील शाळांसाठीं नव्हते, हें खरें. तथापि खेड्यांतील शिक्षक व पाद्री ज्या विद्यालयांतून तयार होऊन येत, तेथील रीत ते आपल्या गांवीं नेल्यावांचून राहात नसत.

या उत्सवप्रियतेचें उत्कृष्ट साक्ष्य इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याचें आहे. इग्नेशियस व झेवियर यांना १२ मार्च १६२२ रोजीं रोमेंत संतपद मिळालें. त्याचा सोहळा गोव्यांत १६२४ च्या आरंभीं झाला. देल्ला व्हाल्ले तेव्हां गोव्यांतच होता. मिरवणुकी, सोंगें आणि झेवियर यांच्या चरित्रावर रचलेलें, कित्येक दिवस चाललेलें पद्य नाटक यांविषयीं त्यानें लिहून ठेवलें आहे. ज्या माणसानें ऐंशी वर्षांपूर्वीं याच रस्त्यांवर घंटा वाजवून मुलें जमविलीं होतीं, त्याचेंच चरित्र आतां रंगभूमीवर आलें.

मोठ्या शहराचा थाट गेला. सेंट पॉल विद्यालयाची आतां एक कमानच उभी आहे. परंतु खेड्यांतील चाल टिकली. साष्टी व मुरगांव भागांत तीन राजांच्या सणास मुलांनाच राजे करण्याची रीत आजहि चालू आहे. कुएलीच्या टेकडीवरील रेमेदियुस मातेच्या देवळाकडे कासावली, आरोशी व कुएली या तीन गांवांचे तीन मुलगे मुगुट व झगे घालून निरनिराळ्या वाटांनीं चढतात व माथ्यावर एकत्र भेटतात. चांदोर येथेंहि चांदोर, कावोरी व गिरदोली या तीन गांवांच्या वतीनें मुलगेच राजे होतात. या चालींत गांवकीचा मान, धर्मकथा व बालनाट्य हीं एकत्र आलीं आहेत. मुलानें कथा नुसती ऐकूं नये, तीं पात्रें होऊन ती चालावी, हें तत्त्व येथें अद्याप जिवंत आहे.

(५)

या पार्श्वभूमीवर ख्रिस्तपुराण उघडून पाहावें. ग्रंथकार १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरास गोव्यास पोहोंचले, व पुढील चाळीस वर्षें, १६१९ तील मृत्यूपर्यंत, बहुतेक साष्टींतच राहिले. पुराण प्रथम १६१६ त राशोल येथें छापलें गेलें. ग्रंथनिर्मितीचें निमित्त त्यांनीं पहिल्याच अवस्वरांत सांगितलें आहे. साष्टी देशांत मुलांना दौत्रिन शिकविली जात असतां, एका रविवारीं सायंप्रार्थनेनंतर एक ख्रिस्ती ब्राह्मण पुढें येतो व पाद्रीस विचारतो : आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रसंग जसाच्या तसा घडला किंवा पौराणिक ग्रंथांच्या रीतीनें प्रश्नकर्ता योजिला, याचा वाद येथें नको. ग्रंथकारानें आपल्या पुराणाचा जन्म मुलांच्या वर्गांत दाखविला, एवढें पुरेसें आहे. वर्ग मुलांचा, परंतु उणीव बोलून दाखविणारा प्रौढ. मुलांना पाठ करावयास संवाद होते; मोठ्यांना ऐकावयास कांहींच नव्हतें. ती पोकळी पुराणानें भरून काढली.

ग्रंथाचीं दोन पुराणें आहेत. पहिल्यांत ३६ अवस्वर असून सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, यातना, मृत्यु व पुनरुत्थान हीं आहेत. एकूण अवस्वर ९५ व ओंव्या सुमारें ११,०००. म्हणजे अवस्वरास सरासरी सव्वाशेच्या आंत ओंव्या पडतात. सुरावर वाचणाऱ्यास एका बैठकींत एक अवस्वर सहज संपवितां येतो. वर्षाचे रविवार ५२. त्यांत सणाचे दिवस मिळविले तर एका वर्षाच्या फेऱ्यांत पुराणाचा फार मोठा भाग वाचून होईल. पुराण रविवारीं व सणाच्या दिवशीं चर्चमध्यें वाचलें जात असे, ही परंपरा प्रसिद्धच आहे. संख्या जुळते म्हणून योजना सिद्ध झाली असें नव्हे. परंतु प्रतीक्षेनें संपणारें पहिलें पुराण व जन्मकथेकडे वळणारें दुसरें, ही मांडणी चर्चच्या वर्षाच्या सांध्याशीं इतकी मिळती आहे कीं हें अनुमान अगदींच निराधार म्हणवणार नाहीं.

यावर आक्षेप असा येईल कीं, एवढी प्रौढ भाषा व एवढा विस्तार मुलांसाठीं कसा असेल? उत्तर सोपें आहे. महाराष्ट्रांत चातुर्मासांत देवळांत पुराण लागे तेव्हां तें मुलांसाठीं लागत नसे. तरी खांबाशीं टेकून मुलें ऐकत आणि कथा त्यांच्या मनांत कायमची बसे. हल्लींच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील पैठणच्या एकनाथांनीं १५७३ त काशींत भागवतावरील टीका पूर्ण केली. त्यानंतर सहाच वर्षांनीं स्टीफन्स गोव्यास आले. गोदातीरीं जी ओवी कीर्तन-पुराणांतून घरोघर पोहोंचली होती, तिचेंच सामर्थ्य ओळखून एका इंग्रज पाद्र्यानें ती साष्टींत आपल्या कथेस लावली. श्रोता ज्या चालीवर मान डोलावतो ती चाल त्यानें बदलली नाहीं.

(६)

यापुढचा भाग संग्राहकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. परंतु त्यांची एकहि छापील प्रत आज हातीं नाहीं. उलट हस्तलिखित प्रती मात्र अनेक सांपडल्या. असें कां व्हावें?

पहिलें कारण मुद्रणाचें. स्टीफन्स यांना देशी लिपींत पुस्तकें छापावीं अशी फार इच्छा होती. १६०८ त आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं अडचणहि सांगितली आहे : युरोपीय वर्णमालेस दोन डझन साचे पुरतात, येथें अक्षरें जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत जातात, मात्र युक्तीनें तीं दोनशेंवर आणतां येतील. तें साधलें नाहीं, आणि पुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें. पुढें १६७४ नंतर गोमंतकांतील छापखानेच बंद पडले. तेथें मुद्रण पुनः सुरू झालें तें १८२१ त.

दुसरें कारण राजकीय. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्हॉर यानें हुकूम काढून देशी भाषा सोडण्यास लोकांना तीन वर्षांची मुदत दिली, आणि गांवोगांवच्या पाद्र्यांनीं व शिक्षकांनीं मुलांना पोर्तुगीजच शिकवावी असें ठरविलें. १८१२ त मुलांनीं शाळेंत कोंकणी बोलूं नये असा धर्मपीठाचाहि हुकूम निघाला. मध्यंतरीं १७५९ त जेसुइटांची पोर्तुगीज राज्यांतून हकालपट्टी झाली. ज्या शाळेसाठीं 'दौत्रिन' लिहिली गेली त्या शाळेंतूनच तिची भाषा बाहेर काढली गेली.

परंतु एक उलटा परिणाम झाला, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. त्या शाळेनें मुलांना पोर्तुगीज शिकविण्यासाठीं रोमन लिपि शिकविली. तीच मुलें मोठीं होऊन त्याच लिपींत मराठी पुराणाच्या नकला उतरून घेऊं लागलीं. छापील प्रती वापरांत झिजल्या, नव्या मिळेनात. सणाच्या दिवशीं वाचावयास पोथी तर हवी. म्हणून पुराण शाळेंतून निघालें तें घरांत, चर्चच्या अंगणांत व गोमंतकाबाहेर कानड्यांत गेलेल्या कुटुंबांच्या पेट्यांत राहिलें. जे. एल. सालदाञ यांनीं १९०७ त मंगळूर येथें जी आवृत्ति काढली ती अशाच रोमन हस्तलिखितांच्या आधारावर. भाषा बंद करणाऱ्या शाळेनें भाषा राखण्याचें साधन नकळत हातीं दिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत याहून निराळी. जस्टिन ॲबट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत तिच्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. तिच्यांत संस्कृत शब्दांचें प्रमाण अधिक, व रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज अथवा लातीन धर्मसंज्ञा येतात तेथें बहुधा संस्कृत प्रतिशब्द आहेत. कोणता पाठ मूळ, हा वाद केवळ भाषेवरून मिटविण्याचा यत्न आजवर झाला. त्यांत वापराचाहि विचार व्हावा. जी प्रत दौत्रिन शिकलेल्या श्रोत्यांपुढें वाचावयाची, तींत शाळेंत पाठ झालेल्या संज्ञाच राहणार. जी प्रत शाळेबाहेरील विद्वानाच्या हातीं द्यावयाची, तींत संस्कृत संज्ञा शोभणार. दोन पाठ म्हणजे दोन श्रोतृवर्ग, अशा दृष्टीनें शांताराम बंडेलू यांची १९५६ ची व त्यानंतरच्या आवृत्त्या पुनः तपासून पाहणें अगत्याचें आहे.

(७)

वरील विवेचनावरून हस्तलिखितें पाहण्याची एक निराळी दृष्टि मिळते. पुराणाची पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम काल, लेखक व पाठभेद पाहतो, तें योग्यच. त्याबरोबर पोथी कशी वापरली गेली याच्याहि खुणा टिपून घ्याव्या. कोणत्या अवस्वरापाशीं पानें अधिक मळलीं आहेत. समासांत सणाचें अथवा रविवाराचें नांव घातलें आहे काय. ओवीवर विश्रामाच्या किंवा सुराच्या खुणा आहेत काय. कोऱ्या पानांवर मुलांनीं गिरविलेलीं अक्षरें, प्रार्थनांचे तुकडे किंवा नाट्यप्रवेशांतील बोलणारांचीं नांवें आहेत काय. शास्त्रशुद्ध पाठ ठरविणारास हा कचरा वाटतो. शाळेचा व उत्सवाचा इतिहास लिहिणारास तोच पुरावा होय. पोथी नवीन बांधतांना असे कडेचे कागद फेकले जातात, ही मोठी हानि आहे.

गोमंतक, मंगळूर व वसई-साष्टी या भागांतील जुन्या ख्रिस्ती घरांतून पुराणाचीं, दौत्रिनीचीं व सणाच्या संवादांचीं सुटीं बाडें असतील त्यांच्या धन्यांनीं तीं अपुरीं म्हणून टाकून देऊं नयेत. पूर्ण पोथी ग्रंथ काय होता तें सांगते. मुलाच्या हातचें फाटकें पान तो ग्रंथ वर्षाच्या कोणत्या दिवशीं, कोणी व कोणापुढें म्हटला तें सांगूं शकेल. तशीं पानें उजेडांत येतील तर, मुलांच्या वर्गांत जन्मलेल्या या पुराणाचें खरें चरित्र लिहितां येईल.